मुठ्याच्या अंगणातली बटू दीर्घिका

सूसहून निघायला नवऱ्यामुळे उशीर झाला, त्यात पिरंगुटच्या कोंडीने माझं डोकंच फिरलं. मागच्या सीटवर दुर्बीण, शेजारी नवरा. धनू राशीतली एक बटू दीर्घिका (आपल्या आकाशगंगेची लहान चणीची शेजारीण) हा माझ्या अभ्यासाचा विषय. तिच्या मधला ताऱ्यांचा आखूड पट्टा, भोवतीचा ऐसपैस वायू, त्यातून नवे तारे कुठे जन्मतात, सगळं मला पाठ. पण ते संगणकावर! स्वतःच्या डोळ्यांनी तिला एकदाही पाहिलेलं नाही. नोव्हेंबरातली ही अमावस्या हुकली की ती सूर्याच्या उजेडात बुडणार, मग बसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

मुठ्यात सुमनमावशींकडे खोली घेतली होती. पाहुण्यांच्या मानाला त्यांनी अंगणात हा भला मोठा हॅलोजन लावलेला! पिठलं-भाकरी झाल्यावर मी हात जोडले, "मावशी, तेवढा दिवा घालवा ना."

"अगं बया! घरात पाव्हणं अन् अंगण काळं? लोकं इचारत येतील, कोण गेलं म्हणून."

शेवटी माझं तोंड बघून त्यांनी अख्ख्या घराचे दिवे घालवले. मी दुर्बीण लावली. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच फाटकातून बॅटऱ्यांचे झोत थेट माझ्या तोंडावर! शेजारपाजारची मंडळी, बायका पदर तोंडाला लावून.

"मावशे, कोण गेलं गं? दुपारपातूर तर समदी चांगली हुती!"

"बघ," मावशी माझ्याकडे वळल्या, "म्हटलं न्हवतं?"

तिकडे दीर्घिका डोंगराकडे कललेली. मला चक्क रडू फुटलं. ते पाहून लोकांची खात्रीच पटली. शेजारच्या काकूंनी मला पोटाशी धरलं, "रडून घे, बाय."

"कोणी गेलं नाही हो!" मी हुंदके देत ओरडले. "तिकडे वर जन्मताहेत! नवे तारे! उजेडात दिसत नाहीत!"

मग काकूच कडाडल्या, "आरं, बॅटऱ्या इजवा की! बाळांच्या डोळ्यावर उजेड मारत्यात व्हय?"

बॅटऱ्या विझल्या. घरोघरी हाका गेल्या, आळीतले दिवेही विझले. मी नळीला डोळा लावला. काचेवर श्वास सोडावा तसा एक धुरकट डाग. तीच! अंगावर सर्रकन काटा आला. मग सगळ्यांनी रांगेने पाहिलं.

"मला तर काय बी दिसंना," एक आजोबा म्हणाले. "पर ही हाय म्हणतीया, तर आसंल."

सकाळी निघताना काकूंनी गाडीच्या खिडकीतून डबा आत सारला. डिंकाचे लाडू.

"अहो काकू, मी काय बाळंतीण आहे?"

"मंग कोण? येवढी वर्सं जपलंस, काल कुटं त्वांड बघितलंस. खा गुमान."

इतक्या परिषदांना गेले, शोधनिबंध वाचले, पण माझ्या दीर्घिकेसाठी आजवर कुणी माझं तोंड गोड केलं नव्हतं. पिरंगुट येईपर्यंत मी डबा संपवला. नवऱ्याने हात पुढे केला होता. दिला नाही.