निळ्या पोबेदाचे चार दरवाजे

ताउनो हक्काराइनेन आता माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघत नसे, त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघे. नवख्याला वाटायचं, म्हातारा घमेंडखोर आहे. गावाला ठाऊक होतं. फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधलं दिसणं जाणार, कडेचं थोडं राहील, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंग ओळखू येतील याची खात्री नाही. म्हणून ताउनो मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून जग बघायला शिकला होता.

त्या दिवशी डॉक्टरांकडून तो बायकोबरोबर, लेंपीबरोबर, बसनं परतला. घराच्या फाटकाशी थांबला. "लेंपी, पोबेदा बाहेर काढू या. एकदा ती निळी बघायचीय मला."

लेंपीनं त्याचा हात धरला आणि मनातल्या मनात गंज, पत्र्याच्या कडा, रंगाचा वास, आग, सगळ्या धोक्यांची उजळणी करून टाकली. अख्खा जन्म सुईणीचं काम केलेली बाई ती. काय काय बिघडू शकतं, हे तिला आधी दिसायचं.

पोबेदा म्हणजे गोल पाठीची रशियन मोटार. ताउनोनं ती घेतली तेव्हा निळी होती. त्याच उन्हाळ्यात लेंपी नवी सुईण म्हणून गावात आली आणि पहिल्या बाळंतपणाला त्याच गाडीतून गेली. पुढे ताउनोला टॅक्सीचा परवाना मिळाला. टॅक्सी काळीच शोभते असं तेव्हा सगळे म्हणायचे, म्हणून हिवाळ्याआधी गाडी काळी झाली. दोघांच्या लग्नाची वरात काळ्या गाडीतून निघाली. नंतर कित्येक वर्षं त्याच काळ्या गाडीतून नवऱ्या मुली, दारुडे, बटाट्याची पोती आणि लेंपीची काळी पिशवी ये-जा करत राहिली. कडाक्याच्या थंडीत इंजिन बंद केलं तर परत सुरू व्हायचं नाही, म्हणून लेंपी आत बाळंतिणीपाशी असेपर्यंत ताउनो बाहेर इंजिन चालू ठेवून बसून राही. एकदाही त्यानं भोंगा वाजवला नाही. तेव्हा जन्मलेल्या मुली आता बायका झाल्या होत्या; दुकानात भेटल्या की त्या त्याला आपलं नाव सांगत, आणि तो भिंतीकडे बघत हसे.

गवताच्या कोठारातून गाडी बाहेर निघाली तेव्हा तिच्यात गाडीपेक्षा गंज जास्त होता. ताउनोचा धाकटा भाऊ ओइवा ट्रॅक्टर रंगवण्यात म्हातारा झालेला, तो आपली स्प्रे गन घेऊन आला. ताउनोची मुलगी तूलिक्की शहरातल्या औषधांच्या दुकानात कामाला होती. ती शनिवार-रविवारी येऊन पॉलिश पेपर घासायची.

ताउनो डोळे मिटून मडगार्डवर तळवा फिरवायचा. "इथं अजून उंचवटा आहे."

"बाबा, तिथं काहीही नाहीये."

"घास."

"घास गं," ओइवा म्हणायचा. "याला बायकोचं तोंड दिसत नाही, पण पत्र्यावरची मुंगी कळते."

"तोंड दिसत नाही म्हणून तर संसार बरा चाललाय," लेंपी कॉफीची किटली ठेवत म्हणायची, आणि त्याच दमात तूलिक्कीच्या नाकावरचा फडका वर ओढायची.

काळा रंग निघाला. खालचा निळा उन्हानं आणि घासण्यानं विटलेला होता. पण दरवाजाच्या आतलं अस्तर काढलं तेव्हा मागे तळहाताएवढा तुकडा सापडला, ज्याला काळा कधी लागलाच नव्हता. लेंपी बघतच राहिली. तिच्या आठवणीत त्या निळ्यात हिरवी झाक होती, तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यासारखी. ताउनोचं म्हणणं, हिरवं बिरवं काही नाही, स्वच्छ निळा, आईच्या कॉफीच्या किटलीसारखा. कितीतरी वर्षं हे भांडण अधूनमधून चालू होतं. आता ताउनोनं गाल त्या तुकड्याजवळ नेला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"एवढ्याशा तुकड्यात मला काही कळत नाही," तो म्हणाला. "मोठी निळाई पाहिजे."

रंग त्या तुकड्याबरहुकूम करून आणला. पण गंज कापण्यातच शरद ऋतू संपला आणि तळं गोठलं. गोठलेल्या कोठारात रंग धरेना. ओइवा वसंत ऋतूपर्यंत थांबू म्हणायला गेला आणि अर्ध्यावरच अडला, कारण तोवर ताउनोच्या डोळ्यांचं काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा लेंपीच अंगणातल्या वाफेच्या आंघोळघराकडे बोट करून म्हणाली, "दरवाजे सौनामध्ये मावतील."

ओइवानं कप खाली ठेवला.

"मावतील," ती म्हणाली. "भिंती पुसल्या की तिथं धुळीचा कण नसतो. चार दरवाजे एका ओळीत उभे केले की अर्धी गाडी होते. तेवढं पुरेल त्याला."

"आणि शनिवारची आंघोळ?" ताउनोनं विचारलं. सगळ्या प्रकारात त्याला पहिल्यांदा काळजी वाटलेली ही गोष्ट.

"शेजारी जाऊ. नाहीतर तसाच वास मारत बस."

त्यांचा सौना जुन्या पद्धतीचा. दगडांच्या मोठ्या चुलीत एकदाच लाकडं जाळायची, विस्तव काढून टाकायचा, मग दगड रात्रीपर्यंत ऊब देत राहतात. लेंपीनं निखारे स्वतः बाहेर नेऊन बर्फात ओतले, राख हातानं चाचपली, आणि मगच ओइवाला गन घेऊन आत जाऊ दिलं. वासामुळे ताउनोला कोणी दारातही उभं राहू देईना. शेवटचा थर बसला. दोन्ही खिडक्यांमधून वास जाऊ दिला, मग दार लावलं. उद्या उजेडात बघायचं असं ठरलं.

पण त्याच दुपारी लेंपीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताउनो सौनाकडे जाताना दिसला. एक हात कुंपणावर, पाऊल चाचपडत. बघू दे बिचाऱ्याला जरा, असं तिला वाटलं. मग वासाची आठवण झाली आणि तिनं बूट पायात घातले. ती अंगणाच्या मध्यावर पोचली तोच लाकडी भिंतीपलीकडून तो आवाज आला. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा, लांब, समाधानी आवाज. जन्मभर ऐकलेला.

बादली आणि लाकडी पळी बाकड्याजवळ जिथं नेहमी असतात तिथंच होती. ती हलवायची, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. बाकड्यावर बसलं की हात पळीकडे जातो. डोळे असोत नसोत.

ताउनो दारात आला. पळी अजून हातात होती. "लेंपी, मी पाणी टाकलं."

आत वाफ भरली होती. ओल्या रंगात ती वाफ शिरली, आणि लेंपीच्या डोळ्यांदेखत चारही दरवाजे साय धरल्यासारखे पांढरट झाले. ओइवा आला, बघून गेला. तो रागावला नाही, चेष्टाही केली नाही. तेच ताउनोला जास्त लागलं.

"काळा मारा," ताउनो स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "आंधळ्याला काळा पुरतो." त्यानंतर त्यानं गाडीचं नाव काढलं नाही. तूलिक्कीनं फोनवर समजावलं, त्यानं रिसीव्हर आईच्या हातात दिला.

लेंपीनं ओइवाला कोठारात गाठलं. "खरं सांग. रंग मेला का?"

"मेला नाही. ओल अडकलीय आत. थिनरचा हलका फवारा दिला की वरचा रंग पुन्हा सैल होतो, ओल निघून जाते. पण हवा कोरडी पाहिजे, अगदी कोरडी."

"आणि नाही निघाली तर?"

"तर उघड्या पत्र्यापर्यंत घासायचं. आणि तोवर ताउनोला धीर धरायला लावणं तुझ्याकडे."

कोरडी हवा आली ती थंडी होऊन आली. सकाळी नाकातले केस कडक झाले, बर्फ पायाखाली किंचाळायला लागलं, धुराड्यांचा धूर सरळ वर उभा राहिला. लेंपीनं चूल पेटवली, जळू दिली, निखारे बाहेर नेले. बादली आणि पळी स्वयंपाकघरात आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. ताउनो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"मी येणार नाही," तो म्हणाला.

तिनं कोट चढवला, रुमाल बांधला. पूर्वी अपरात्री बाळंतपणाचं बोलावणं आलं की त्याला उठवताना ती फक्त एवढंच म्हणायची. आताही तेवढंच म्हणाली, त्याच आवाजात.

"ऊठ ताउनो. वेळ झाली."

त्या शब्दांवर तो कधी अंथरुणात राहिला नव्हता. मग त्याचा हात टोपीकडे गेला.

सौनाच्या दारात तिनं त्याच्या तोंडाला फडका बांधला. ओइवानं खिडकी उघडली, गन उचलली, आणि पहिल्या दरवाजावर धुक्यापेक्षा पातळ असा फवारा सोडला. पत्रा ओला दिसायला लागला. पांढरं तसंच राहिलं. लेंपीनं श्वास रोखला. बाळ बाहेर येतं आणि अजून रडत नाही, त्या वेळी रोखायची तसा.

मग वरच्या कोपऱ्यात एक ठिपका गडद झाला. कडेनं पसरला. पांढरं मागे सरत गेलं, कोणी आतून पडदा ओढून घ्यावा तसं, आणि त्याच्या मागून निळाई वर आली. खोल, ओली, इतकी जिवंत की लेंपीनं नकळत चौकट धरली. ओइवा दुसऱ्या दरवाजाकडे सरकला, मग तिसऱ्या, चौथ्याकडे. खिडकीतून बर्फावरचा उजेड आत पडत होता, आणि त्या उजेडात बाकड्यावर अर्धी पोबेदा उभी होती.

ताउनोनं तोंड चुलीकडे वळवलं होतं. दगडांकडे बघत, हलायचं विसरून तो कडेनं दरवाजे बघत होता. लेंपीनं त्याला बराच वेळ तसं बघू दिलं. जितका वेळ तो बाहेर इंजिन चालू ठेवून बसायचा, तितका वेळ थांबायची तिची तयारी होती.

"हिरवं आहे त्यात," तो शेवटी म्हणाला. "उथळ पाण्यासारखं."

लेंपीनं दरवाजांकडे पाहिलं. तिला आता ते स्वच्छ निळे दिसत होते, सासूबाईंच्या किटलीसारखे.

"बादली कुठाय?" त्यानं विचारलं.

"टेबलावर. आणि पुढचा शनिवार येईपर्यंत तिथंच राहणार."

ओइवा फडक्यामागून हसला. ताउनो मात्र दगडांकडे तोंड करून उभाच राहिला, आणि त्याला आता घरात चला म्हणायला कोणीही पुढे झालं नाही.