सलामाचं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धंमुर्धं ठाऊक आहे — पण अर्धंमुर्धं सांगणं म्हणजे लपवणंच की.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. माझे आजोबा झांझिबारला कापडाचं दुकान चालवत. तिथलं इंग्रजांचं राज्य गेलं, महिनाभरात दंगल होऊन उलथापालथ झाली आणि आमची माणसं बोटीने गावी परतली. घरात ही हकिकत एकाच वाक्यात सांगत — आपल्याला लुटलं, घरच्या मोलकरणीनेसुद्धा लुटलं. लग्नानंतर दुबईला आले, अल बर्शात संसार थाटला, तेव्हा ते वाक्यही बरोबर आलं. खोटं कशाला बोलू? लुटलेल्यांची नात असणं मला आवडायचं.

आठ वर्षांपूर्वी इथल्या आमच्या जमातीने ठरवलं, आफ्रिकेतून परतलेल्या घरांच्या आठवणी वार्षिक मेळाव्यात वाचायच्या. अब्बांची बहीण, माझी फुफी, तेव्हा आमच्याकडेच होती. बोट सुटली तेव्हा ती सोळा वर्षांची. तिने सांगायचं, मी लिहायचं. आठवडाभर दुकानाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल सांगत राहिली. मग एका दुपारी, मेथी निवडता निवडता, सलामावर आली.

सलामा म्हणजे तीच मोलकरीण. दंगलीचे तीन दिवस तिने आमच्या सगळ्यांना आपल्या खोपटात लपवलं होतं. आमच्याकडे तिचा कप वेगळा असायचा. तिने मात्र आम्हाला स्वतःच्याच ताटांत वाढलं. चौथ्या दिवशी धक्क्यावर पोचवायलाही आली. तिथे आजीच्या बांगड्या सापडेनात. आजोबांनी चारचौघांत सलामाची झडती घेतली, काही मिळालं नाही तरी थोबाडीत मारली. ती आली तशी माघारी निघून गेली. बोट सुटल्यावर बांगड्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. आजीनेच खुपसल्या होत्या, भीतीपायी विसरली. सलामाला कुणी पत्र धाडलं नाही. उलट गावी पोचेपर्यंत ती चोर झाली होती.

"हे लिही हां," फुफी म्हणाली. "मी आहे तोवर सगळ्यांसमोर तिचं नाव येऊ दे."

लिहिलं मी. मग वाचून पाहिलं — आणि आजोबांची लाज वाटली. नवरा म्हणाला, "खलास, जुनं कशाला उकरतेस?" पण त्याच्यावर ढकलत नाही. पान मीच फाडलं. त्या जागी घरातलं जुनं वाक्य घातलं. आपलं ठेवायचं झाकून — दुसरं काय?

मेळाव्यात फुफी पुढे व्हीलचेअरवर बसली होती. मी वाचत होते, बायका डोळे पुसत होत्या. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती. परतताना गाडीत एवढंच विचारलं, "सलामा कुठं राहिली गो?" मी म्हटलं, वेळ कमी पडला, पुढल्या वर्षी वाचते.

पुढलं वर्ष तिला मिळालं नाही.

लेख लोकांना आवडला. दर वर्षी वाचायला लावतात. माझ्या मुलीने तो इंग्रजीत करून शाळेत वाचला. तिच्या वर्गातल्या मुलांनाही आता आमची मोलकरीण चोर म्हणून ठाऊक आहे. मुलीला मी काही बोलले नाही. ते पान मला तोंडपाठ आहे — परत घालायला मला कोण अडवणार होतं? यंदाही स्टेजवर गेले, आणि सलामाला पुन्हा एकदा चोर ठरवून खाली आले.