मालनबाईंचा भरलेला रकाना

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका सोसायटीची पाण्याची लढाई मालनबाईच लढत. शाळा सातवीत सुटलेली. अर्ज, अपील, माहितीचा अधिकार, सगळं त्या ऑफिसांच्या चकरा मारून शिकल्या. कॉम्प्युटरही तसाच. विंडोजला पैसे कोण घालणार, म्हणून सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःच फुकटातलं लिनक्स टाकलेलं.

आज कोरड्या टाकीच्या तक्रारीची पालिकेच्या साहेबांपुढे ऑनलाइन सुनावणी होती. गच्चीला बिल्डरचं कुलूप, म्हणून टाकीवरच्या कॅमेऱ्याचं कॉम्प्युटरवर दिसणारं चित्र त्यांनी समोर मोबाइल धरून दाखवलं. साहेब म्हणाले, "पडद्याचा पडदा चालणार नाही. कॅमेरा थेट दाखवा, नाहीतर तक्रार बंद करतो."

मालनबाई कॉम्प्युटरवरूनच सुनावणीत शिरल्या. पण त्याला कॅमेरा वायरीवर, इंटरनेट वायफायवर. वायर खोचली की टाकी दिसायची आणि साहेब गायब. वायर काढली की साहेब हजर, टाकी गायब.

"अगं, दोघांना एकदमच बोलव की," नवरा धोंडीबा चहा पीत म्हणाला.

"मग मघापासून काय करतेय? तुम्ही बिस्किट बुडवा, अहो."

चौथ्यांदा वायर खोचून मालनबाईंनी कॉम्प्युटरला विचारलं, बाबा, तू बाहेर जातोस कुठून? 'आयपी राउट' टाइप केल्यावर 'डिफॉल्ट'च्या, म्हणजे बाहेर जायच्या वाटेच्या, दोन ओळी आल्या. एक वायफायची, एक वायरीची, आणि पहिला मान वायरीला. म्हणजे साहेबांकडे निघालेलं सगळं कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यापाशी जाऊन अडकत होतं.

"वायरीला ही बाहेरची वाट कुणी घातली?"

"तूच. वायर जोडताना गेटवेचा, त्या बाहेरच्या दाराचा, रकाना मोकळा होता म्हणालीस."

मालनबाईंना आयुष्यभर ऑफिसात एकच शिकवण मिळालेली: रकाना मोकळा दिसला की अर्ज परत. त्यांनी 'लागू नाही' लिहायचंसुद्धा कधी सोडलं नव्हतं. इथे तर कॅमेऱ्याच्या डब्याचा नंबर हाताशी होता, दिला ठोकून.

"मोकळं सोडलेलं चालतं, हे लिहायला काय झालं होतं मेल्यांना," म्हणत त्यांनी वायरीचा गेटवे पुसला आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू केली. कॅमेऱ्यापुरती वाट वायरीवर राहिली, बाहेरची वायफायवर गेली.

साहेब दिसले. टाकीही दिसली, तळाशी गाळ वाळून भेगा पडलेली.

"ठीक आहे. उद्या पाहणी लावतो."

"उद्या नको, साहेब. तुम्ही येणार म्हटल्यावर बिल्डरची माणसं रातोरात पाणी सोडतील. आजच या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला.

"दुपारी माणूस पाठवतो."

"पाठवा. तोवर मी हा कॅमेरा बंद करत नाही."