चावीची खांदेमळणी

निजामी अमलात नांदेडच्या आमच्या जुन्या बिऱ्हाडात नळ गळायचा आणि पाणी बंद करायची चावी गंजून बसलेली. आमचा नळवाला देवणीकडचा, नामी बैलांच्या मुलखातला. जनावर असो की लोखंड, तो कुणावर जोर करायचा नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला, बैलांचे खांदे मळतात तशी त्यानं चावी कढत पाण्यानं शेकली, तेल-हळद चोळली आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

"मोडली तर सणाला पाणी नाही," आई धास्तावली.

"दमानं, माय. फिरायली की!"

खरंच फिरली. आम्ही टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. "चावी जेवली का?"

चावीवर पुरणपोळीचा घास होताच. पाट मांडत आई म्हणाली, "जेवली. आता धन्यानं बसावं."