खाणीकडची बाजू

आमच्या वहिनींना अर्धं शहर मीटरबाई म्हणून ओळखायचं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्या एकोणतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचत होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही, टॉर्च, पुसायला चिंधी, झाकण उचलायला लोखंडी हूक आणि एका काडीला बांधलेला छोटा आरसा. काही लोक मीटर अशा सांदीत बसवतात की माणसाचं डोकं तिथे शिरत नाही. तिथे त्या आरसा आत सरकवून उलटे आकडे सुलटे वाचायच्या.

आतून ओरडून सांगितलेला आकडा मात्र त्या कधीच लिहीत नसत.

"बाई, मागच्या वेळचाच लिहा हो. आम्ही दोन महिने परगावी होतो."

"हो का? मग मीटरलाही बरोबर नेलं होतं वाटतं?"

असं म्हणत झाकण उचललेलं असायचं. लोक चिडायचे, कुत्री भुंकायची, एकदा एका घरमालकाने वर साहेबांकडे तक्रारही केली. वहिनी म्हणाल्या, "साहेब, माझ्या डोळ्यांनी बघितलेलंच मी लिहिते. दुसऱ्याच्या डोळ्यांची जबाबदारी मी घेत नाही."

अशा बाईने आयुष्यात एकच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून खरी मानली. ती मी सांगितलेली होती आणि खोटी होती.

माझा थोरला भाऊ म्हणजे वहिनींचा नवरा. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शेवटचे काही महिने तो फारसा बोलत नव्हता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो घड्याळ टेबलावर काढून ठेवून बाहेर पडला आणि परत आला नाही. वहिनी चार वाजता फेरी संपवून आल्या तेव्हा दाराला नुसती कडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं शोधायला निघालो. वहिनी, शेजारचे शिंपी, छापखान्यातला एक जोडीदार आणि मी. वहिनींनी ऑफिसातला शहराचा नकाशा जमिनीवर पसरला आणि बाजू वाटून दिल्या. कालव्यापलीकडची, खाणीकडची बाजू माझ्याकडे आली.

मी सायकलवरून कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. तिथून पुढे घरं नव्हती, माणसं नव्हती. मी सायकल टेकवली आणि पुलाच्या कठड्यावर बसलो. पुढे गेलो आणि भाऊ दिसला तर काय करायचं, हे मला सुचेना. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही सांगता येणार नाही. दीड तास बसलो. मग सायकल वळवली.

वहिनी दारातच उभ्या होत्या.

"काही नाही तिकडे," मी म्हणालो.

त्यांनी नकाशावरच्या त्या भागावर पेन्सिलने रेघ मारली आणि मला प्यायला पाणी दिलं.

बाकी सगळं शहर त्यांनी पुढची कित्येक वर्षं पालथं घातलं. कामाची फेरी संपली की त्यांची दुसरी फेरी सुरू व्हायची. बाईच्या पायाला भिंगरी लागली आहे, असं लोक म्हणत. सात वर्षांनी ऑफिसातून कोणी सुचवलं की आता कोर्टातून तो हयात नसल्याचा कागद करून घेता येईल. तो कागद त्यांनी आणला आणि सही न करता कपाटात ठेवून दिला. विचारलं तर म्हणायच्या, "मी बघितलेलं नाही."

मी सांगणार होतो. पहिल्या आठवड्यात सांगणार होतो, मग वर्षभराने. जितके दिवस गेले तितकं ते वाक्य जड होत गेलं, आणि पुढे तर त्यांना बघितलं की मी हवापाण्याच्या गोष्टी बोलू लागलो.

या वर्षी माझी नात सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. एक माणूस सायकल ढकलत शहरभर चालतो आणि शेवटी एका ठिकाणी सायकल उभी करून निघून जातो.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही, आजोबा. संपलं."

"मग हे बघायला लोकांनी घरातून निघायचं कशासाठी?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती हसून म्हणाली. "मला पाच जागा हव्यात, सगळ्या बाहेरच्या. शेवटची अशी हवी की चारी बाजूंना एकही घर दिसायला नको. थोरल्या आजीला नेऊ या का? तिला सगळं शहर पाठ आहे."

वहिनी आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांना विचारलं तेव्हा मला वाटलं नकोच म्हणतील. पण त्यांनी चष्मा पुसला, पिशवी घेतली आणि निघाल्या. गाडी नातीच्या मैत्रिणीची होती. ती कॅमेरा चालवणार होती. येता-जाता दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून बघत राहते म्हणून तिला सगळे दुर्बीण म्हणतात.

शूटिंग दुपारी चारनंतर होणार, म्हणून जागाही चारनंतरच बघायच्या असा त्यांचा नियम होता. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे त्याच वेळेला कळतं म्हणे. वहिनींना तो नियम फार पटला. "बरोबर आहे. सकाळी बघून गेलेली जागा संध्याकाळी वेगळीच असते," त्या म्हणाल्या.

बंद पडलेल्या गिरणीमागची गल्ली, पाण्याच्या टाकीखालचं मैदान, जुन्या गोदामाची मागची भिंत. प्रत्येक ठिकाणी वहिनी गाडीतून उतरायच्या, चार पावलं चालायच्या आणि सांगायला लागायच्या.

"पाच वाजता या भिंतीची सावली त्या खांबापर्यंत येते. त्यानंतर इथे बसलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही."

"इथे दोन पाइपांच्या मध्ये एक माणूस आडवा मावतो."

"या झाडाखाली कोणी आलं तर गवत दोन दिवस तरी दबलेलं राहतं."

दुर्बीण खूश झाली. "थोरल्या आजी, तुम्ही तर आमच्याच धंद्यातल्या निघालात! कुठे शिकलात हे सगळं?"

"हिंडून," वहिनी म्हणाल्या.

पोरी वहीत भराभर लिहून घेत होत्या. मी बाजूला उभा होतो. वहिनी इथे कधी, कोणत्या वेळी आणि किती वेळा वाकल्या असतील ते मला दिसत होतं.

गोदामापाशी दुर्बीणने फोनवर वरून दिसणारं शहर उघडलं. "हे कालव्यापलीकडे पांढरं काय आहे?"

"बंद पडलेली खाण," वहिनी म्हणाल्या. "तिथे काही नाही. भावोजींनी बघितलंय ते."

एखाद्या दुकानाचा पत्ता सांगावा इतक्या सहज त्या म्हणाल्या. नातीने माझ्याकडे वळून विचारलं, "हो आजोबा? कशी आहे जागा?"

"फार वर्षं झाली त्याला."

"मग बघूनच येऊ."

"अंधार पडेल."

"आजोबा, पावणेपाच वाजलेत!"

गाडी कालव्याच्या पुलापर्यंतच गेली. पुढे रस्त्यावर आडवा चर खणलेला होता. मी उतरलो. कठडा तसाच होता, फक्त एका टोकाला सिमेंटचं ठिगळ लावलेलं.

"आजोबा, तिथे कठड्यावर बसा ना जरा," नात म्हणाली. "माणूस चौकटीत केवढा दिसतो ते बघायचंय."

नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. मी बसलो. दगड उन्हाने कोमट झाला होता.

"थोडे डावीकडे," दुर्बीण म्हणाली. "मान खाली. अजून. वा! आजोबा, तुम्ही किती खरं बसता हो!"

वहिनी तिच्या शेजारी उभ्या राहून पुलापलीकडे बघत होत्या. तिथून दोन वाटा फुटत होत्या. एक कालव्याच्या काठाने, दुसरी काटेरी झुडपांतून.

"भावोजी, तुम्ही त्या वेळी कोणत्या वाटेने गेला होतात?"

मी दोन्ही वाटांकडे बघितलं. कोणती खाणीकडे जाते हे मला आजही माहीत नव्हतं. अंदाजाने एक सांगता आली असती. बरोबर आली असती तर सगळं पूर्वीसारखंच राहिलं असतं.

"मी गेलो नाही, वहिनी."

"म्हणजे या वाटेने नाही?"

"कुठल्याच नाही. इथे बसलो होतो. इथूनच परत आलो."

दुर्बीणने फोन खाली घेतला. नात एकदा माझ्याकडे, एकदा थोरल्या आजीकडे बघायला लागली. थोरले आजोबा घरातून गेले एवढंच तिला माहीत होतं.

"किती वेळ बसला होतात?" वहिनींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. गळक्या नळाबद्दल विचारायच्या तसा होता.

"दीड तास असेल."

"म्हणजे जाऊन यायला पुरला असता."

"हो."

त्यांनी पिशवी खांद्यावर नीट सरकवली आणि काठाची वाट धरली. आम्ही तिघं मागून गेलो.

खाण पुलापासून वीस मिनिटांवर होती. झुडपांची पानंसुद्धा दगडाच्या भुकटीने पांढरी झाली होती. दगड कापून केलेल्या मोठमोठ्या पायऱ्या खाली उतरत होत्या आणि पाण्यात नाहीशा होत होत्या. पाणी काळपट हिरवं होतं. वारा होता, तरी ते हलत नव्हतं. चारी बाजूंना एकही घर दिसत नव्हतं.

काठावर एक म्हातारी काटक्या गोळा करत होती.

"पाणी किती खोल आहे?" वहिनींनी विचारलं.

"कोणी मोजलंय, बाई? आम्ही पोरांना इकडे फिरकू देत नाही."

"पहिल्यापासून आहे?"

"छे! पंप होता तोवर कोरडी ठाक होती. दगडाचं काम आधीच थांबलेलं, पंप तेवढा चालायचा. मग पंपही नेला आणि ही भरत गेली."

"किती वर्षं झाली?"

म्हातारी मोळी खाली ठेवून आठवू लागली. "माझी धाकटी पोटात होती. आता तिला तिसावं लागलंय."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. मीही मनात वर्षं मोजली. त्या दिवशी खाण रिकामी होती आणि कोरडी होती. कोणी इथवर येऊन नुसतं वाकून बघितलं असतं, तरी तळ दिसला असता. असेल तर असेल, नसेल तर नसेल, एका नजरेत कळलं असतं. आता ते कोणालाच कळणार नव्हतं.

"थोरली आजी, चल, आपण जाऊ," नात त्यांचा हात धरून म्हणाली. "मला नको ही जागा."

"तुला नको असेल. मला आता हवी आहे," वहिनी म्हणाल्या. "उजेड आहे तोवर बघते. तुम्ही गाडीत बसा."

पोरी गाडीकडे गेल्या नाहीत, तिथेच एका दगडावर बसून राहिल्या. वहिनी काठाकाठाने चालत गेल्या. प्रत्येक कपारीशी थांबायच्या, वाकायच्या, बघायच्या, मग पुढची. मी दहा पावलं मागे होतो. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही आणि या म्हणूनही हाक मारली नाही. एक बाजू पूर्ण व्हायच्या आत सूर्य कड्याआड गेला.

परत येताना त्या पुढच्या सीटवर बसल्या. घर आलं तेव्हा उतरून खिडकीशी आल्या.

"उद्या चार वाजता या. चपला नकोत, बूट घाला. काटे आहेत."

एरवी प्रत्येक वाक्याला भावोजी म्हणणाऱ्या वहिनी त्या दिवसापासून मला काहीच म्हणत नाहीत.

फिल्मचा शेवट पोरींनी गिरणीमागच्या गल्लीत घेतला. त्यांच्या सरांना आवडली म्हणे. दुर्बीणने मला पुलावरचा माझा फोटो दाखवला होता. मोकळा रस्ता, कठडा आणि मान खाली घातलेला एक माणूस. तो मला एकाहत्तर वर्षांचा दिसेना, चाळिशीचा दिसला. मी तिला तो काढून टाकायला सांगितलं. काढला असेल.

आता सहा आठवडे झाले, आम्ही रोज खाणीवर जातो. वहिनींनी काठ संपवून मागची झुडपं घेतली आहेत. एकतीस वर्षांनी तिथे काय मिळणार, असं मी विचारत नाही. त्यांनाही ते कळतं. त्या पुढे चालतात, मी मागे. इतके दिवस त्यांनी मला काहीच बघायला सांगितलं नव्हतं.

परवा उतारावर त्यांचा गुडघा दुखायला लागला. त्या एका दगडावर टेकल्या. वर एक मोठं झुडूप राहिलं होतं.

"त्याच्यामागे बघून या," त्या म्हणाल्या.

मी वर गेलो. काटे बाजूला केले, गुडघ्यावर बसलो आणि बघितलं. मुळाशी बघितलं, दगडांच्या फटीत हात घालून बघितलं. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा बघितलं. पांढरी भुकटी आणि सुकलेली पानं, दुसरं काही नव्हतं. मी खाली आलो.

"काही नाही तिकडे," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग दगडाला हात टेकून उठल्या आणि गुडघा धरत, एकेक पाऊल टाकत त्या स्वतः वर बघायला गेल्या.