खानावळीविषयी तीन खुलासे

आमच्या खानावळीत आजवर कोणीही मेलेले नाही, हे आरंभीच नमूद करतो. लातुरातील अन्य कोणत्याही खानावळीला असे निवेदन द्यावे लागत नाही. आम्हाला लागते, आणि त्याचे संपूर्ण श्रेय माझे आहे.

खानावळ माझ्या पत्नीची, सुमनची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावहून आलेली तीसेक मुले दोन्ही वेळा तिच्या हातचे जेवत. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. जुनी तुकडी परीक्षा देऊन निघून गेली होती आणि नवी यायची होती. ही मुले पहिल्या पंधरवड्यात जिथे जेवण लावतात, तिथेच वर्ष काढतात. तो पंधरवडा हुकला की वर्षभर आपणच आपल्या पोळ्या खायच्या!

म्हणून भाचीने करून दिलेली खानावळीची वेबसाइट शहरातील व्यवसायांच्या एका ऑनलाइन सूचीत नोंदवायचे ठरले. त्या सूचीत प्रत्येक धंद्याला त्याचा वर्ग असतो. पालक वर्ग उघडतात, माहिती वाचतात आणि फोन करतात.

"लिवायचं काम हाय, तुमीच करा," सुमन म्हणाली. साठीनंतर प्रथमच कोणी मला काही लिहायला सांगत होते!

नेमके त्याच आठवड्यात निलंग्याचे आमचे काका वारले. सुतकात बाहेरच्यांना जेवू घालायचे नाही, म्हणून खानावळ दहा दिवस बंद. मी अर्ज उघडला. 'शिक्षण' की 'आहार' या प्रश्नावर दोन दिवस घालवून (दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखे बरेच होते) शेवटी आहार निवडला. 'थोडक्यात माहिती' या चौकटीत सात्त्विक जेवणाविषयी दोन वाक्ये लिहिली आणि ग्राहकाची दिशाभूल नको म्हणून तिसरे जोडले: 'घरातील मृत्यूमुळे खानावळ सध्या बंद आहे.'

नोंद मंजूर झाली. सुतक फिटले. वाक्य मात्र तिथेच राहिले.

पहिला फोन धर्माबादहून आला. कोणा मुलाचे वडील होते.

"ताई, तुमच्याकडं मेलं कोन? पोरगं व्हतं का?"

"न्हाई हो भाऊ! आमचे काका. नव्वदीचे व्हते."

"ते बी तिथंच जेवायचे का?"

सुमन खोटे बोलत नाही. "जेवायचे की, आले म्हंजे."

फोन बंद झाला. ती माझ्याकडे वळली. "अहो, काय लिवून ठेवलाव तुमी?"

मंजूर मजकूर बदलायचा तर सूचीच्या कार्यालयाला फोन करावा लागे. पुरवणी मात्र घरबसल्या जोडता येई. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मला आधी संवाद कागदावर लिहून, दोनदा पाठ करून, शेवटी फोन न करण्याची सवय! मी पुरवणी जोडली: 'सदर मृत्यूचा आमच्या जेवणाशी कोणताही संबंध नाही.'

त्या दिवशी तीन फोन आले. तिघांनीही संबंध काय होता एवढेच विचारले.

मी दुसरा खुलासा दिला: 'मयत व्यक्ती निधनाच्या आठ दिवस आधी आमच्याकडे जेवून गेली, तेव्हा तिची प्रकृती उत्तम होती.'

दुसऱ्या दिवशी एकही फोन आला नाही.

तेव्हा मी तिसरा, निर्णायक खुलासा दिला: 'या प्रकरणी कोणतीही पोलीस चौकशी चालू नाही.'

शेजारचे शकीलभाई भिंतीवरून म्हणाले, "सर, लई मुद्देसूद लिवता तुमी. वाचून माज्या पोटात दुकायलंय!"

सुमन हसली नाही. पंधरवडा संपत आला होता. तीस ताटे धुऊन, पुसून, पालथी घातलेली. जेवायला चार मुले, आणि त्यांतला एक आमटीचा वास घेऊनच मग घास घेई. रात्रीचा स्वयंपाक ती पाऊण तासात उरके आणि बाकीचा वेळ कोरड्या ओट्यावरून फडके फिरवत राही. तिने मला एकदा बोलावे, रागवावे, असे मला फार वाटे. ती रागावली नाही.

सोळाव्या दिवशी तिने स्वतःच कार्यालयाला फोन लावला. मी समोर लसूण सोलत होतो. पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"काकू, मजकूर सरांच्या नावानं भरलाय. काढायचा तर त्यांची संमती लागंल. सर हायत का?"

सुमनने फोन माझ्यापुढे धरला. मी घाबरून दोन्ही हात हलवले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि फोन कानाला लावला.

"सर वारले."

"अगं बाई! कधी हो काकू?"

"झाले की पंधरा दिवस."

दोन मिनिटांत सगळा मजकूर गेला. त्या जागी सुमनने सांगितलेले दोनच शब्द आले: 'जेवण मिळेल.' संध्याकाळी पाचवा मुलगा चौकशीला आला.

मी जिवंत असल्याचे सूचीला कळवावे, असे मला एकदा तीव्रतेने वाटले. वाक्यही तयार झाले होते. मग माझे आधीचे तीन खुलासे आठवले, आणि खानावळीच्या हितासाठी मी मेलेलाच राहिलो.