पुसायची चित्रं

चंद्रभागाबाई पगार यांनी लासलगावच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलांकडून आंबा, तांब्या, झेंडा काढवून घ्यायचा आणि घरी येऊन स्वतः भलतंच काहीतरी रंगवायचं. कांद्याची ट्रॉली ढगातून चाललीय, विहिरीला पानं फुटलीत. लोक बघून विषय बदलत. धाकटी बहीण लंका मात्र हसायची, "ताई, तुझ्या डोक्यात कोण राहतं गं?" दोघींनीही लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर शहरात, इंदिरानगरात, फ्लॅट घेतला आणि वर्षभरात लंका गेली. त्यानंतर बाईंचं बोलणं दूधवाल्यापुरतं उरलं.

एकदा त्यांनी वाचनालयाच्या सभागृहात चित्रं मांडली. तीन दिवसांत नऊ माणसं आली. शेवटच्या दिवशी एक तरुण मुलगी एका चित्रापुढून हलेचना. चित्रातल्या बाईच्या पोटाच्या जागी लाकडी कपाट होतं.

"हे उघडल्यावर आत काय असतं?" तिने विचारलं.

"उघडत नाही ते."

"मी उघडलं तर चालेल?"

ही तेजल. ॲनिमेशनच्या फिल्म करायची. चित्राच्या पुढचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "उद्या घरी ये," बाई म्हणाल्या.

तेजलने त्यांच्या टेबलावर काच मांडली, खालून दिवा, वर कॅमेरा. बाईंनी काचेवर सावकाश वाळणाऱ्या तैलरंगाने रंगवायचं, तेजलने फोटो काढायचा, मग ओला रंग थोडा पुसून, थोडा सरकवून पुढचं चित्र. फिल्मच्या एका सेकंदाला बारा चित्रं. जुनं पुसल्याशिवाय नवं होत नसे.

सात महिने तेजल रोज अकराला यायची. दोघी भांडायच्यासुद्धा. कपाटातून समुद्र निघावा, असं तेजलला वाटे. "समुद्र काय, कुणीही काढेल," म्हणत बाईंनी तिथे दुसरं दार काढलं. त्यामागे आणखी एक. शेवटच्या दारात एका सकाळी मिटल्या डोळ्यांची लंका उमटली. बाईंनी ठरवून काढली नव्हती.

तेजलने फोटो घेतला. "पुसायचं, बाई?"

बाईंचा हात उठेना. "आज नको."

चार दिवस काच तशीच. तेजल यायची, चहा प्यायची, जायची. एकदा म्हणाली, "मी दुसरी काच आणते. ही राहू द्या तुमच्याकडे."

पाचव्या दिवशी बाईंना दिसलं, चेहऱ्यावर धूळ बसलीय, गालावरून माशी चालून गेलीय. त्यांनी अंगठ्याने लंकाच्या पापण्या पुसल्या आणि उघडे डोळे काढले. "घे फोटो," म्हणाल्या. पुसत, रंगवत संध्याकाळपर्यंत त्यांनी लंकाला हसवलं.

पाच मिनिटांची फिल्म एका कॉलेजात दाखवली. अंधारात लंका दोन सेकंद हसली आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी अर्थ विचारला, तेव्हा बाईंनी माईक तेजलकडे दिला.

पुढच्याच महिन्यात तेजल बेंगळुरूला नोकरीवर गेली. आधी रोज फोन करायची, मग रविवारी, मग सणासुदीला. बाईंनी तिला दोष दिला नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या जागी आपला मोबाइल बांधला आणि एकट्याच बसल्या. तीन आठवड्यांत चोवीस चित्रं झाली, म्हणजे दोन सेकंद. त्यात एक कंगवा दात टेकवत भिंतीवर चढतो.

दाखवायला कुणी नव्हतं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच थांबवून मोबाइलवर तो कंगवा दाखवला. त्याने बघितलं, "भारी आहे, मावशी," म्हणाला आणि ओटीपी मागितला. बाईंनी तो सांगितला, दार लावलं आणि पंचविसावं चित्र काढायला बसल्या.